आमलीबारीतली हाक

ऐका. शेकोटीजवळ सरकून बसा. आणि बोंदर, मधे मधे खोकू नको, मग माझा धागा सुटतो.

साहेबाचं राज्य खाली मैदानात बसलं, पण आपल्या सातपुड्यावर काही बसेना. पलटण वर आली की माणसं रानात. पलटण उतरली की पुन्हा आपापल्या चुलीपाशी. शेवटी साहेबानं वर मीठ जाऊ देणं बंद केलं. अळणी खाऊन किती दिवस तग धरतील, म्हणे. आणि घाटाखाली पहारा कोणाचा? आपल्याच भिलांचा. त्यात एक दित्या. त्यानं सरकारचा डगला चढवला, तशी बायको ठुमली वर पाड्यावर निघून गेली. याचा सगळा जीव तिच्यापाशी.

एका रात्री हा पहाऱ्यावरून उठला. तिच्यासाठी फडक्यात मीठ बांधलं आणि आमलीबारीची, त्या घाटातल्या खिंडीची, वाट धरली. एकटा. अंधार असा, की आपला हात आपल्याला दिसेना.

निम्म्यावर मागून पावलं. हा थांबला, ती थांबली. हा चालला, ती चालली. मग वरून कुणी बाई हसली. मग पुढे उजेड. बघतो तर त्याचंच खोपटं, त्याचीच चूल, आणि दारात ठुमली.

"आलास? ये, बस."

"मीठ आणलंय गं."

"ठेव ते बाजूला. मला तूच हवा होतास."

हेच ऐकायला तो झुरत होता, बरं का. पाऊल उचललं आणि थबकला. इतके दिवस अळणी खाल्लेली बाई आधी चिमूटभर जिभेवर ठेवेल. ही फडक्याकडे बघेना. भुताला मीठ सोसत नाही, ठाऊक आहे ना? कळलं त्याला. तरी हलेना. खोटी तर खोटी, घटकाभर हिच्याजवळ बसू, असं त्याला वाटलं. वाटणारच. तेवढ्यात तिनं मनगट धरलं. हात गार, विहिरीतल्या दगडासारखा. ओढायला लागली. त्यानं सगळं मीठ तिच्या तोंडावर फेकलं. किंकाळी उठली. खोपटं नाही, चूल नाही, समोर नुसता कडा.

धडपडत पाड्याखाली पोचला. पुढे जाणार कसा? रात्री खालून कोणी आलं की वरून बाण सुटायचा. लांबूनच हाक मारली, "ठुमले, मी आलोय."

ठुमली जागीच होती. पण बारीतलं भूत ओळखीच्या आवाजात बोलावतं, तिथल्या हाकेला ओ द्यायची नाही, असं सगळ्यांनी बजावलेलं. तिनं विस्तवावर राख ओढली. तो पहाटेपर्यंत हाका मारत राहिला, मग उतरला. पुढे पलटण त्याला घेऊन दुसरीकडे हलली. दित्या काही परत आला नाही.

म्हातारी झाल्यावर ठुमली मला सांगायची, "आवाज त्याचाच होता, पोरा. मला कळलं होतं. पण मी भ्यायले."

म्हणून सांगतो, रात्री आमलीबारीनं जाऊ नका. भुताच्या हातून सुटाल एखाद वेळेस. पण वर तुम्हाला कोणी ओ देणार नाही.