पानिपतचा बाण

एक बाण फिरवायचा होता हो... फक्त एक बाण! तोफ नाही मागितली, तलवार नाही मागितली, स्लाइडवरचा एक बाण जरासा वळवायचा, आणि तेवढ्यासाठी तुम्हाला सांगतो, मी, शशिकांत, सरकारी नोकरीत आयुष्यभर फायली फिरवलेला माणूस, लॅपटॉपसमोर माउस धरून रडकुंडीला आलो. इकडे म्हटलं की तिकडे, तिकडे म्हटलं की तिसरीकडेच!

पण मुळात ही ब्याद माझ्या गळ्यात घातली कुणी? राजाभाऊंनी! राजाभाऊ म्हणजे आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. दर चौदा जानेवारीला, पानिपतच्या लढाईच्या दिवशी, मंडळाची बस सकाळी तिथल्या काला अंबच्या स्मारकाला जाते, आणि संध्याकाळी हॉलमध्ये माझं व्याख्यान. विषय ठरलेला, आपण का हरलो. भिंतीवर कार्डशीटचा नकाशा, हातात लाकडी पट्टी आणि मी. इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही... झोपणारे झोपायचे, ते सोडा. तर यंदा राजाभाऊ म्हणतात, "काका, बुरा मत मानना यार, पण आजकल स्लाइडके बिना कोई सुनता नहीं. अ‍ॅनिमेशन पाहिजे, मूव्हमेंट पाहिजे! नसेल जमत तर बिल्कुल टेन्शन नाही, मंडळातला आपला अर्णव क्विझ घेतो म्हणालाय." क्विझ! अहो, तिकडे भाऊसाहेब उपाशी फौज घेऊन लढले, आणि हा अर्णव मोबाइलवर ए-बी-सी-डी करणार? वर्षातून एक दिवस लोक माझं ऐकतात, तोही जाणार? म्हटलं, करतो अ‍ॅनिमेशन!

आणि बसलो. मराठ्यांचा बाण भगवा, उत्तरेकडून खाली. अब्दालीचा निळा, दक्षिणेकडून वर. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं! बाणावर क्लिक केलं की त्याच्या डोक्यावर एक शेंडी उगवते, ती धरून म्हणे फिरवायचं. धरली. बाण फिरला नाही, फुगला! दिल्लीपासून कर्नालपर्यंत नुसतं अब्दालीचं पोट. पुन्हा धरली. आता फिरला, पण आतली अक्षरंही फिरली, म्हणजे भगवा बाण खाली वळवला की 'मराठे' शीर्षासनात! लढाईच्या आधीच! शेवटी नोएडाला लेकीला फोन लावला. रुचिता आयटीत आहे, तिला श्वास घ्यायला वेळ नाही. "बाबा, सिंपल आहे. आधी एंट्रन्स द्या, मग मोशन पाथ, मग एक्झिट. अच्छा, कॉल आहे, चलो, बाय!" एंट्रन्स, एक्झिट... पानिपत आहे का मेट्रोचं स्टेशन?

एक बाण फिरवायचा होता हो! आणि फक्त बाण असता तरी चाललं असतं. विश्वासराव पडतात, तिथे त्यांच्या नावाचा ठिपका हळूच विरून जायला हवा होता. मी काय दाबलं देव जाणे, ठिपका टुणटुण उड्या मारायला लागला! आमची सुनीती चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणते, "अहो, गोळी लागलेला माणूस असा नाचतो का?" म्हटलं, "तू चहा ठेव आणि जा!" मग सगळं पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा पुसलं... कसंबसं जमलं. निदान मला तसं वाटलं.

संक्रांत उजाडली. सकाळी काला अंबला सगळे हात जोडून उभे, धुकं एवढं की शेजारचा दिसेना, सुनीती पदराने डोळे पुसतेय. आणि संध्याकाळी हॉल? खच्चून भरलेला! काका अ‍ॅनिमेशन करणार म्हणून पार मुनिरक्याहून यूपीएससीवाली पोरंसुद्धा आलेली. मी सुरुवात केली. भगवा बाण निघाला, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा धडाडल्या, अब्दालीची एक फळी मोडली, टाळ्या! कधी नव्हे ते कुणी झोपलं नव्हतं. आवाज खाली आणला, म्हटलं, "आणि मंडळी, दुपार झाली... आणि घात झाला!" आणि दाबलं बटण.

आता निळा बाण वर चाल करून यायचा आणि भगवा विरायचा, बरोबर? निळा बाण जागच्या जागी थरथरला... गर्रकन उलटा फिरला... आणि सुटला की हो खाली! दिल्ली ओलांडली, आग्रा ओलांडलं, स्लाइडच्या काठावरून बेपत्ता! भगवा फुगून दुप्पट झाला, आणि लॅपटॉपमधून टाळ्या वाजल्या... त्या मी कधी घातल्या, मलाच ठाऊक नाही!

 मग राजाभाऊ ओरडले, "हर हर महादेव!" आणि सगळा हॉल उभा! मी माइकवर बोंबलतोय, "अहो थांबा! चुकलंय! आपण हरलो होतो, हरलो!" ऐकतंय कोण? पुढची स्लाइड लावली, 'पराभवाची कारणं', तर तिलाही शिट्ट्या! यूपीएससीवाला हेरंब बिचारा हात वर करून म्हणतोय, "सर, पण परीक्षेत तर...," त्याला चौघांनी खाली बसवला. सुनीतीकडे बघितलं, तर ती टाळ्या पिटतेय! म्हटलं, "अगं, तू तरी!" म्हणते, "गप्प बसा हो! दर वर्षी तुमचं ऐकून रडतच घरी जातो. आज बरं वाटलंय, वाटू दे!" आणि आमच्या इंदुमतीताई, नव्वदीला टेकल्यात, काठी टेकत स्टेजपर्यंत आल्या, तिळाचा लाडू माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाल्या, "आज संक्रांत रे शशिकांता, गोड बोल." आता बोला! तोंडात लाडू घेऊन माणूस 'हरलो' म्हणणार तरी कसा?

असा संतापलो म्हणून सांगू! घरी आलो, चप्पलसुद्धा न काढता लॅपटॉप उघडला, एकेक बाण धरून सरळ केला, टाळ्या काढून टाकल्या, इतिहास जिथल्या तिथे ठेवला आणि फाइल सेव्ह केली. जिवाला गार वाटलं. तर सकाळी राजाभाऊंचा फोन. "काका, कमाल कर दी! पुढच्या वर्षी तुम्हीच, पक्कं. अर्णवला नाही म्हणून टाकलं. आणि फरीदाबादच्या मंडळालाही हवंय, येत्या रविवारी! बस, एक रिक्वेस्ट, शेवट तोच ठेवा." आणि मी? गेलेलं व्याख्यान परत मिळतंय म्हटल्यावर... हो म्हणालो हो!

आज शनिवार. सकाळपासून बसलोय. निळा बाण धरतोय, शेंडी ओढतोय, हवं ते दाबतोय, नको ते दाबतोय... पण आता अब्दाली काही केल्या पळत नाही!