एकदाही न येणारं पात्र

पाथर्डीच्या स्टँडवर एसटी भरत आली होती. एका बाईंनी शेजारच्या जागेवर पिशवी ठेवलेली. मी विचारलं तर म्हणाल्या, "माणूस येनार हाय." मी तिथंच दांडी धरून उभा राहिलो. खिडकीशी त्यांची कॉलेजातली लेक पुस्तक उघडून बसली होती.

"काय वाचती गं?" बाईंनी तिला विचारलं.

"नाटक. उद्या पेपर हाय. यातलं एक पात्र शेवटपर्यंत स्टेजवर येतच न्हाई. त्याचं महत्त्व लिहायचंय."

"येतच न्हाई, तर त्याला पात्र कसं म्हनायचं?"

"बाकीचे सारखे त्याच्याबद्दलच बोलतात. त्याची आई रोज त्याचं ताट वाढून ठेवते. दार वाजलं की उठून बघते."

"आन तो?"

"न्हाई येत. पडदा पडतो."

"आईला ठावं असतं का गं, तो येनार न्हाई म्हनून?"

"ते पुस्तकात लिहिलेलं न्हाई."

"ठावं असतं. लिही तू."

"मग ताट कशाला वाढते?"

"तिनं बी वाढायचं सोडलं, तर त्याला त्या घरातला कोन म्हनंल?"

"आई, पिशवी उचल ना. ते कवाचे उभे हायेत. दादा घर सोडून गेला त्याला किती वर्षं झाली..."

"याच स्टँडवरनं गेल्ता तो."

कंडक्टरनं बेल मारली. बाईंनी एकदा दाराकडं पाहिलं आणि पिशवी मांडीवर घेतली.

"बसा, भाऊ. पन तो आला, तर उठाल ना?"