स्तोत्र संपेपर्यंत वाफ

पुढे बसलेल्या पोरांनो, डोळे मिटा बघू. मिटले? ए चष्मेवाल्या, फटीतून बघू नकोस, मला दिसतंय.

आता मनात आणा – तुम्ही एका खुर्चीवर मागे रेलून बसलात. समोर वाकलेल्या मानेचं एक यंत्र आहे. त्याच्या तोंडातून भसभस वाफ येतेय, थेट तुमच्या तोंडावर. आधी बरं वाटतं. मग गरम लागतं. मग फारच गरम! तुम्ही तसं सांगताय. पण शेजारी उभी असलेली बाई डोळे मिटून देवाचं नाव घेतेय. तिला ऐकूच येत नाही. आता मला सांगा, ती बाई जे करतेय ती सेवा आहे का? आणि त्या वेळी देव कोणाकडे बघत असेल – नाव घेणाऱ्या बाईकडे, की तोंड भाजणाऱ्या तुमच्याकडे?

राहू द्या, उत्तर आत्ता नको. डोळे उघडा आणि गोष्ट ऐका.

तुम्ही मोठी मंडळी म्हणाल, बुवा, आज कीर्तनात ब्यूटी पार्लर कुठून काढलंत? का बरं? तिथे माणसं जात नाहीत? आणि माणसं जातात तिथे देव पायरीवर चपला सांभाळत बसतो, असं वाटतं का तुम्हाला? हसू नका. हे आमचे पेटीवाले नाना, दर दोन महिन्यांनी जाऊन तोंड चकचकीत करून येतात. नाना, मान कशाला खाली घालता? चांगलंच आहे ते!

तर मंडळी, सासवडला भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर हेमलता बेंद्रे यांचं पार्लर. वीस वर्षांचं. बाई हाताला हलकी, मनाने सरळ, कोणाला फसवणार नाही. हे काम ती विमलबाई म्हणून एका म्हाताऱ्या बाईंकडे शिकली. विमलबाईंच्या खोलीत घड्याळ नव्हतं. म्हणून त्यांनी हेमलताला सांगितलं होतं, गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाफ सोडली की देवीचं स्तोत्र म्हणायला घे, स्तोत्र संपलं की यंत्र बंद कर. दहा मिनिटं बरोबर होतात.

किती छान सोय! हाताला काम, मुखी नाम. पण पुढे काय झालं? विमलबाई मुलाकडे नाशिकला गेल्या, यंत्र हेमलताला देऊन गेल्या. भिंतीवर घड्याळ आलं. एक सोडून दोन आली! तरी स्तोत्र तसंच. उलट वाढलं. हेमलता आता हात जोडायची, डोळे मिटायची. मधे कोणी बोललं तर एक हात वर करायची – थांबा, स्तोत्र चाललंय. अर्ध्यात सोडलं तर देवी कोपेल ना!

अहो, देवी कोपेल! आणि खुर्चीतली बाई भाजेल त्याचं काय?

हेमलताची मुलगी रेणू, वय वर्षं दहा. शाळेतून आली की कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची. आणि तिचे डोळे उघडे असायचे. एवढाच त्या खोलीतला फरक, मंडळी. आई डोळे मिटून, लेक डोळे उघडून.

एका गुरुवारी केतकी आली. रविवारी तिचं लग्न. बरोबर तिची वेणूआत्या, म्हणजे लग्नाचा सगळा कारभार जिच्या हाती ती. केतकीची कातडी अशी पातळ, की नुसती लाजली तरी गाल लाल व्हायचे. चेहरा धुऊन झाला, चोळून झाला, आणि हेमलताने यंत्र तिच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर आणून चालू केलं. हात जोडले. डोळे मिटले.

थोड्या वेळाने केतकी हळूच म्हणाली की गरम लागतंय. हेमलताचा हात वर. पुन्हा जरा वेळाने रेणू म्हणाली, "आई, केतकीताईचे गाल बघ." हात आणखी वर! आत्या म्हणाली, सोस गं दोन मिनिटं, नवरीने एवढंही सोसायचं नाही का?

स्तोत्र पूर्ण झालं. देवीला नमस्कार झाला. डोळे उघडले. समोर केतकीचा चेहरा विटेसारखा लाल! नाकापासून गालांपर्यंत, वर बारीक पुरळ. पोरीने आरशात पाहिलं आणि तोंड झाकून रडायला लागली. तिसऱ्या दिवशी हळद, चौथ्या दिवशी लग्न, आणि हे तोंड घेऊन मांडवात कशी उभी राहणार होती ती?

शुक्रवारी हेमलता स्वतः तिला घेऊन कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बिचारी रात्रभर झोपली नव्हती. म्हणाली, डॉक्टर, वाफेने रंध्रं उघडतात म्हणून मी वाफ देते, माझं काय चुकलं? डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अहो, रंध्रं म्हणजे काय खिडक्या आहेत, उघडायला आणि लावायला? वाफेने वरची कातडी आणि आतला तेलकट मळ मऊ होतो, काढायला सोपा जातो. एवढंच. ज्याची कातडी जाड, तेलकट, नाकावर काळे ठिपके, त्याला थोडी वाफ, लांबून, चार-पाच मिनिटं, अजूनही उपयोगाची आहे.

नाना, ऐकलंत? तुमची सोय झाली!

पण जिचा चेहरा उन्हाने, तिखटाने, लाजेने लाल होतो, तिला वाफ देऊच नका, असं त्या म्हणाल्या. गार पाण्याच्या घड्या ठेवा, साधं मलम लावा, उतरेल. आणि जाता जाता विचारलं, ती लाल व्हायला लागली तेव्हा तुम्हाला दिसलं नाही?

काय उत्तर द्यायचं, मंडळी? डोळे मिटले होते, हे?

देवाची कृपा, शनिवारी सकाळपर्यंत लाली उतरली. केतकी पुन्हा माडीवर आली, हळदीच्या आधी चेहरा नुसता स्वच्छ करून घ्यायला. बरोबर आत्या. आता कोणालाही वाटेल, आत्या म्हणेल, बाई, त्या यंत्राला हात लावू नका. छे! आत्या म्हणाली, वाफ नाही म्हणजे फेशियल कसलं? माझ्या लग्नात घेतली होती, थोरलीच्या लग्नात घेतली होती. परवा जास्त झाली असेल, आज कमी घ्या, पण घ्या.

बघा आता! भाजलं कोणाचं, हट्ट कोणाचा! आणि आपली हेमलता? डॉक्टरीणबाईंनी इतकं सांगितलेलं, पण वीस वर्षांची सवय आणि समोर आत्याचा आवाज. तिने यंत्र ओढलं. बटणावर बोट ठेवलं. आणि ओठ आपोआप हलायला लागले. स्तोत्राची पहिली ओळ आली. पापण्या मिटू लागल्या.

स्टुलावरून रेणू म्हणाली, "आई, डोळे उघडे ठेवून म्हण की."

पोरगी उद्धटपणे बोलली नाही. जसं तुम्ही म्हणाल, दिवा लावून वाच की, तसं. पण हेमलताचे ओठ थांबले. तिला वीस वर्षांपूर्वीची ती खोली आठवली. विमलबाई स्तोत्र म्हणायच्या ते समोरच्या चेहऱ्याकडे टक लावून. कधी चौथ्या श्लोकाला यंत्र बंद करायच्या, कधी दुसऱ्यालाच. उरलेलं स्तोत्र नंतर, हात धुताना. डोळे मिटायला त्यांनी कधी शिकवलंच नव्हतं! ते हिने आपल्या मनाने वाढवलं, आणि त्यालाच भक्ती म्हणत राहिली.

तिने डोळे उघडले. केतकीकडे पाहिलं. वाफ अजून सुरूही झाली नव्हती आणि पोरीने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट आवळून धरले होते. हेमलताने बटणावरचं बोट काढलं.

आत्याने विचारलं, मग आता काय करणार? आणि खरं सांगतो, हेमलताला सुचेना. वीस वर्षांत वाफेशिवाय एकही चेहरा तिने केला नव्हता. ती नुसती उभी राहिली.

तिला तिथेच उभी राहू द्या, मंडळी, आणि जरा स्वतःकडे वळा. पोराच्या ताटात भात वाढताना तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघता का मोबाइलकडे? मास्तर, तुम्ही फळ्याकडे तोंड करून पाढे म्हणवून घेता, मागच्या बाकावरचं पोर कधीचं हात वर करून बसलंय, दिसतं का? सासूबाईंना रोज साडेसातला काढा देता, त्यांना तो सोसतो का, कधी विचारलंत? घड्याळ बघता, रीत बघता, देवाचा फोटो बघता. समोरचं माणूस तेवढं राहतं! किती वेळा सांगायचं? चाळीस वर्षं सांगतोय, घसा बसला माझा. आणि बुवाही काही वेगळे नाहीत हो. अभंग रंगला की माझेही डोळे मिटतात, आणि ही पुढची पोरं पेंगायला लागलेली मला दिसत नाहीत. म्हणून तर आज आधी त्यांना डोळे उघडायला लावले.

हां, रेणू. ती स्टुलावरून उतरली. एक स्वच्छ पंचा घेतला, कोमट पाण्यात बुडवला, पिळला, आणि आधी आपल्या गालावर ठेवून पाहिला. जरा गरम वाटला. तिने थोडं गार पाणी घातलं, पुन्हा बुडवला, पुन्हा आपल्याच गालावर ठेवला. मग खुर्चीजवळ गेली, पंचा केतकीच्या हातात दिला आणि विचारलं, "केतकीताई, एवढं चालेल का?"

आणि उत्तर येईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.