भोंग्यातलं घरटं

शोकसभेत सगळे अण्णांना देवमाणूस म्हणाले, पण त्यांनी माझी कशी जिरवली ते कुणालाच ठाऊक न्हाई. शिरोलीला त्यांची फाउंड्री होती आणि मी तिथं साचे भरायला होतो. मालक मुलखाचा अबोल, पण पाखरांपायी पार येडा.

एका उन्हाळ्यात चिमणीनं कारखान्याच्या भोंग्यात घरटं केलं. अण्णांनी भोंगाच बंद ठेवला. आम्ही खुशाल अर्धा तास उशिरा जायला लागलो. मुकादम बोंबलला, तर अण्णा म्हणाले, "भोंगा वाजलाच न्हाई, मग उशीर कसला? कुणाचा पगार कापू नका."

पिल्लं उडाली, भोंगा सुरू झाला आणि आमची ऐशही संपली. पुढच्या उन्हाळ्यात मीच डोकं चालवलं. शिवारातनं एक घरटं आणून भोंग्यात कोंबलं आणि अण्णांना सांगितलं, "मालक, चिमणी आली की परत!"

अण्णा स्वतः शिडी चढले, बघून खाली उतरले.

"हे सुगरणीचं हाय. ती बाभळीला टांगती, भोंग्यात कोंबत न्हाई."

मग माझ्याकडं बघत अण्णा मुकादमाला म्हणाले, "महिनाभर भोंगा बंद ठेवा. पिल्लं आपलीच हाईत, झोपू देत."