सोफ्याची काच

थू अशा काचेवर! आता तुमीच सांगा, काचेनं ऊन आत सोडावं, नाईतं अडवावं, ही सोडते बी अन् अडवते बी! आमचा पोरगा कैलाश, त्यानं शहापूरच्या घराले बसवली. म्हने लॅमिनेटेड! दोन काचा, मधात प्लास्टिक, जशी पुरनपोळी... उजेड येते, धग येते, पन ते डोळ्याले न दिसनारं, रंग खानारं यूव्ही का फूव्ही, ते मधातच मरते! "बाबा, सोफ्याचा रंग उडनार नाई!" सोफ्याचा! अन् त्या सोफ्यापायी खिडकीजवळची माई खाट बाहेरच्या वसरीत काढाले निंगाले! अरे, त्या खिडकीतून मी हायवेवरच्या गाडीवाल्याले सांगतो, "ओ पाव्हने, मागचं चाक फिरून रायलं!" बिचारे उतरून पाहातेत... हे सुख सोडू?

म्हनलं, लाव पैज! माया दुपट्टा खिडकीच्या पल्ल्यात दाबतो, अर्धा आत काचेले लागून, अर्धा बाहेर. आतला इटला, रंग उडाला, तं खाट हालनार नाई. नाई इटला तं मी आपल्या पायानं वसरीत!

"मामाजी, हारसान!" सूनबाई डिंपल दात काढून रायली.

मी कायले हारतो? मोहाडीच्या बाजारातून असा कच्चा लाल दुपट्टा आनला का ऊन नुसतं खाकरलं तरी रंग सोडन! आतला बी इटन, बाहेरचा बी इटन, खाट जाग्यावर!

उन्हाळा सरला, पल्ला सरकवला... बाहेरचा अर्धा बगळा! अन् आतला? कुंकू!! थू अशा काचेवर!

आमची चंद्रभागाबाई, बायको हाये माई, तोंडाले पदर लावून म्हनते, "पक्का दुपट्टा आनला असता तं दोनी अर्धे लाल राहिले असते, कोनाले काई समजलं नसतं! तुमच्याच कच्च्या रंगानं काच पक्की ठरवली जी!"

अन् ज्याच्यासाठी हे रामायन, तो सोफा पाहा! दुकानातली पन्नी तशीच, पन्नीवर चादर, चादरीवर डिंपलचा डोळा! जांभळा हाये म्हने... असन बावा, कोनी पाहिला?

काल कैलाश वसरीत आला, मले पाहून म्हने, "बाबा, तुमी लय काळे पडले ना जी!"

पडीन नाईतं का करीन? म्हनलं, पोरा, तुया सोफा काचेच्या आत हाये... बाप बाहेर.