सोनमच्या टाकीतली गोड वाईन

(सोलापूर. सोमेशचं वाईनचं दुकान. त्यानं तांबड्या वाईनची बाटली पुढं ठेवली आहे.)

मायाक्का : ही न्हवं बाबा. ही तांबडी आमी घरी चाखलीया. तुरट लागती, जीभ आवळून धरती. आमाला गोड पायजे.

सोमेश : मावशी, ही अशीच असते. कुणाला प्यायची आहे ते सांगा, म्हणजे मला नीट देता येईल.

ज्ञानबा : प्यायला न्हाय.

सोमेश : मग?

ज्ञानबा : आमी जेऊरचं. मेंढरं हायती आमची. तिकडं असलं काय मिळत न्हाय, म्हणून सकाळच्या गाडीनं सोलापूरला आलो. तू सांग की गं पुढचं.

मायाक्का : आमची पोरगी सोनम ह्याच कंपनीत हुती, नाशकाकडं. वाईन कशी करायची ते शिकली आन् तितंच लागली. गेल्या साली तापाचं निमित्त झालं. गेली. येत्या सोमवारी वरीस हुतंय.

सोमेश : बसा मावशी. काका, तुम्हीही टेका. पाणी देतो.

मायाक्का : पाणी मागनं द्या. ती शिकायला निघाली तवा भावकी लई बोलली. पोरगी दारू गाळायला चालली म्हणाली. ह्यांच्या थोरल्या भावानं तर आमच्या घरी येणं सोडलं. आता वर्साला समदी येणार हायती. जेवायच्या आदी एकेकाच्या तळहातावर चमचाभर द्यायची, असं ह्यांच्या मनात हाय. पोरीनं काय केलं ते एकदा चाखू द्या म्हणत्यात.

ज्ञानबा : दारू न्हवं ते. मला सांगितलं हुतं तिनं. म्हणाली, दादा, तुमी व्यायला झालेल्या मेंढीपाशी जागता की न्हाय, तसं आमाला टाकीपाशी बसावं लागतं.

मायाक्का : तिच्यासंगं काम करणाऱ्या मैतरणीनं मागं एक बाटली आणून दिली, ही तांबडी. माझा घोट तोंडातच ऱ्हायला. ह्यांनी कसाबसा गिळला आन् उठून मेंढरांत जाऊन बसले. त्या दिशी जेवले न्हाईत.

ज्ञानबा : आमालाच जमंना, तर भावकीची तोंडं कशी हुतील? एखादा हसंल. त्या दिशी हसाय नगं कुणी.

सोमेश : काका, तांबडीत खोट नाही. रस आंबताना त्यातली सगळी साखर संपू दिली की तशी होते, तिला ड्राय म्हणतात. सवय असणाऱ्याला तीच लागते, नवख्याला सोसत नाही. तुम्हाला साखर राखून केलेली पाहिजे. ह्याच कंपनीची आहे एक. ही बघा, छोटी बाटली, सोनेरी रंगाची. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हीच देतो.

मायाक्का : ही सोनमनं केली का?

सोमेश : ते बाटलीवर लिहिलेलं नसतं, मावशी.

ज्ञानबा : मग नगं. दुसऱ्याच्या हातची वाटून काय करू मी?

सोमेश : थांबा, काका. त्या मैत्रिणीचा नंबर आहे?

मायाक्का : हाय की. सिद्धेश्वरी नाव तिचं. हा घ्या फोन, तुमीच बोला. मला बोलवायचं न्हाय.

सोमेश : आत जाऊन बोलतो. इथं गिऱ्हाईक आहे.

ज्ञानबा : लई येळ लागला की. काय म्हणाली?

सोमेश : काका, तांबडी तिच्या साहेबांची. सोनम हाताखाली होती. ही मात्र सोनमची.

मायाक्का : मग मैतरणीनं तांबडी का आणली?

सोमेश : ही तेव्हा बाटलीत भरलीच नव्हती. सोनम गेली तेव्हा टाकीत होती. नंतर सिद्धेश्वरीताईंनी भरून घेतली, सोनमनं सांगून ठेवलं होतं तशी. सगळ्या मळ्याची तोड झाली तरी सोनमनं थोड्या ओळी तोडू दिल्या नाहीत. द्राक्षं वेलीवरच सुरकुतली, निम्म्यांचा बेदाणा व्हायला आला. पाखरं त्यांवर तुटून पडली. साहेब रागावले. सोनम उन्हात जाळी बांधत राहिली.

ज्ञानबा : ऐकायची न्हाय ती कुणाचं.

सोमेश : मग रस आंबायला लागल्यावर रोज चाखायची. मनासारखी गोडी आहे तोवरच टाकी गार करून आंबणं थांबवलं. साहेबांना आणखी कमी गोड हवी होती. त्यावरून वाद झाला. सोनम म्हणाली, ज्यांना ड्राय सोसत नाही त्यांनी काय करायचं?

मायाक्का : बाटलीत भरल्यावर चाखायला ती न्हवती तर.

सोमेश : नव्हती. टाकीतली चाखलेली. मावशी, घेण्याआधी तुम्ही दोघं चाखा. दुकानात उघडता येत नाही, पण मागच्या गल्लीत माझं घर आहे. आम्ही लिंगायत, आईच्या गळ्यात लिंग आहे, ती बाटली आत येऊ देत नाही. अंगणात बसू.

(शुक्रवार पेठ. सोमेशच्या घराचं अंगण, पाट मांडलेले, स्टीलचे दोन पेले.)

मायाक्का : आई चांगल्या हायती तुमच्या. कुणाचं वरीस हाय म्हणून इचारलं आन् गुमान पाट टाकलं.

सोमेश : घोटभरच घ्या. लगेच गिळू नका.

मायाक्का : मधावानी हाय. न्हाय, मधावानी बी न्हाय. मागनं जरा आंबट येतं, म्हणून गोडाची मिठी बसत न्हाय. आवं, घ्या की.

ज्ञानबा : घेतो.

मायाक्का : कशी हाय?

ज्ञानबा : गप जरा. तोंडात हाय.

सोमेश : असू द्या मावशी, सावकाश घेऊ द्या. सोमवारसाठी ही दुसरी बंद बाटली न्या, वाटेपर्यंत गारच ठेवा.

मायाक्का : शेजारी फ्रीज हाय, तितं ठेवीन.

सोमेश : उघडली की लगेच वाटा. कुणाला नको असेल तर आग्रह करू नका.

ज्ञानबा : आग्रह न्हाय. भाऊ हात पुढं करंल, न्हायतर न्हाय करंल. न्हाय केला तर त्याच्या वाटणीची मी घेईन, त्याच्यासमोर.

मायाक्का : बाबा, एक इचारू? ज्यांना सोसत न्हाय, असं ती म्हणाली, तवा आमचं नाव काढलं हुतं का तिनं?

सोमेश : ते मी विचारलं नाही, मावशी. परत लावू का फोन?

मायाक्का : लावा की.

ज्ञानबा : नगं.

मायाक्का : आवं, का नगं?

ज्ञानबा : कामात हुती ती तवा. ऱ्हाऊ दे तिला कामात.