चार नंबरची बस खरंच कुठे आहे

नाव: सगळे भिंगरी म्हणतात, कागदावरचं सोबत जोडलंय. वय: १९. शिक्षण: बारावी, दोनदा. धंदा: दुकानांची वेबपानं बनवणे. राहणार: बस डेपोच्या मागे, आत्याच्या शिलाईच्या दुकानावरची खोली. वडील: निलंबित.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, डेपोच्या साइटवर प्रत्येक बस कायम 'वेळेवर' असते. पण त्याच पानाच्या पोटात बसची खरी जागाही येत असते, ब्राउझरमध्ये कुणीही उघडून बघावं. ती मला माझ्या पानावर हवी होती. जावास्क्रिप्टच्या चार ओळी लिहिल्या, तर ब्राउझरने हाकलून दिलं. म्हणजे कसं हवालदार काका, एका साइटचं उत्तर दुसऱ्या साइटच्या पानाला वाचायचं असेल, तर उत्तर देणाऱ्याने त्यावर तशी परवानगी लिहावी लागते. डेपोने लिहिली नव्हती.

म्हणून मागच्या महिन्याच्या बारा तारखेला डेपोच्याच साइटवर तक्रार टाकली: "तुमची माहिती इतर पानांना वाचू द्या." परवानगीची ओळ कशी लिहायची तेही खाली दिलं. एकतीसला मेसेज आला, 'तक्रार निकाली'. मी त्याच चार ओळी परत चालवल्या. सगळ्या गाड्या धडाधड हजर.

एक तारखेला आत्याच्या दुकानाच्या काचेत जुना टीव्ही लावला. त्यावर लिहून यायचं: 'चार नंबर. साहेब म्हणतात वेळेवर. बस म्हणते, मी अजून डेपोतच.' आत्या म्हणाली, "भिंगरे, दारात एवढी गर्दी, पण ब्लाउज एकीलाही शिवायचा नाही!" टीव्ही मीच लावला, कबूल.

तीन तारखेला डेपो मॅनेजर साहेबांनी वडिलांना निलंबित केलं. म्हणे, डेपोच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड घरी फोडला. आणि माझ्यावर इथे फिर्याद दिली. वडिलांना फोनचा आवाज वाढवायलासुद्धा मी लागते. बावीस वर्षं चार नंबर चालवली. आज नऊ तारीख. रोज पहाटे उठून गणवेशाला इस्त्री करतात आणि परत खुंटीला लावतात.

जबाब चालू असतानाच इन्स्पेक्टर मॅडम म्हणाल्या, "दाखव." मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर माझं पान उघडलं. कुठे पासवर्ड विचारला नाही. गाड्या आल्या. डेपोचं उत्तर उघडून परवानगीची ओळ दाखवली. तिथे फक्त एक तारा होता. मॅडमनी विचारलं, "याचा अर्थ?" मॅनेजर साहेबांसोबत आलेले डेपोचे कॉम्प्युटरवाले दादा हळूच म्हणाले, "कुणीही वाचा."

"हे कुणी लिहिलं?" मॅनेजर साहेब ओरडले.

"मीच," दादा म्हणाले. "महिनाअखेरीला एकही तक्रार शिल्लक नको, असं तुम्हीच म्हणालात. त्रेपन्न होत्या. हिच्या तक्रारीत उपायही लिहिलेला होता, म्हणून तोच तसाच्या तसा चिकटवला."

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी तोंडाला रुमाल लावला. मॅनेजर साहेबांनी फिर्याद मागे घेतली आणि निलंबन रद्द केल्याचं इथेच टेबलावर लिहून दिलं. पेन माझं होतं. बाहेर बाकावर वडील बसलेत, गणवेश घालूनच आलेत. मी दारातून कागद हलवला. त्यांनी आधी घड्याळ बघितलं.

हवालदार काकांनी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, मी बोलले तसंच आहे. एकच दुरुस्ती: पहिल्या परिच्छेदात वडिलांपुढे 'निलंबित' होतं, ते खोडून 'बसचालक, चार नंबर' केलं. खोडलं तिथे माझी सही आहे. मला आता सोडा, तीन चाळीसची गाडी आज खरंच वेळेवर सुटणार आहे.